पक्ष्यांचे मीलनवर्तन आणि मेंदूतील संप्रेरके: अर्थ लावताना या चुका टाळा

पक्ष्यांच्या मीलनवर्तनाचा अभ्यास पुष्कळदा रक्तातील टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणांत तयार होणारे नर संप्रेरक, मोजण्यापासून सुरू होतो आणि तिथेच थांबतो. या सवयीचे मूळ जुने आहे. १८४९ मध्ये गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषणांचे रोपण केले, तेव्हा त्यांचे आरवणे, झुंजणे आणि माद्यांमागे लागणे कायम राहिले, आणि वृषणांतून रक्तात मिसळणारे काहीतरी वर्तन घडवते हा विचार रुजला. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. कारण मेंदू स्वतःही संप्रेरके तयार करतो, त्यांचे रूप बदलतो आणि प्रसंगी त्यांना आवर घालतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नराचे वर्तन थेट ‘नर संप्रेरका’वर चालते असे मानणे. जपानी बटेर पक्ष्यावरील प्रयोगांनी हा समज मोडला. खच्ची केलेल्या नराला टेस्टोस्टेरॉन दिले की मीलन पुन्हा सुरू होते. मात्र त्याच वेळी अरोमाटेज या विकराची (एन्झाइमची) क्रिया औषधाने रोखली, तर रक्तात टेस्टोस्टेरॉन असूनही मीलन मंदावते, आणि त्यावर इस्ट्रोजेन पुरवले की ते परत येते. म्हणजे मेंदूतील अधश्चेतकाच्या (हायपोथॅलॅमसच्या) पुढील भागातील पेशी अरोमाटेजच्या साहाय्याने टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन करतात आणि मीलनाची प्रेरणा प्रामुख्याने त्यातून येते. त्याच नराचे आरवणे आणि अवस्करापाशी (विष्ठा आणि प्रजनन यांच्या सामाईक द्वारापाशी) असलेल्या फेसग्रंथीची वाढ मात्र अँड्रोजेनवर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या नर संप्रेरकांवर, अवलंबून असते. त्यामुळे ग्रंथी फुगलेली असूनही नर मादीकडे वळत नसेल, तर टेस्टोस्टेरॉन वाढवत बसण्यापेक्षा मेंदूतील हे रूपांतर नीट होते आहे का, हे आधी तपासावे.

रक्तातील पातळी कमी आढळली म्हणून संप्रेरकांचा संबंध नाकारणे ही याच चुकीची दुसरी बाजू. उत्तर अमेरिकेतील साँग स्पॅरोचा नर विणीच्या हंगामाबाहेरही हद्दीसाठी भांडतो, त्या वेळी त्याचे टेस्टोस्टेरॉन अत्यल्प असते आणि खच्चीकरणानेही भांडण थांबत नाही. अरोमाटेज रोखल्यावर मात्र आक्रमकता घटते. उदाहरण मीलनाचे नसले तरी इशारा तोच आहे: रक्तातील पातळीवरून मेंदूतील क्रिया कळत नाही.

प्रजननाची तयारीच दिसत नसेल, तर आधी प्रकाशाचे तास पाहावेत. पक्ष्यांना दिवसाची लांबी कळण्यासाठी डोळेच लागतात असे नाही. मेंदूच्या खोल भागातील प्रकाशग्राही पेशी कवटीतून झिरपणारा उजेड टिपतात. दिवस लांबला की अधश्चेतकात थायरॉइड संप्रेरकाचे सक्रिय रूप वाढते, जीएनआरएच हे प्रजननाला चालना देणारे संप्रेरक स्रवते, पीयूषिका (पिट्युटरी ग्रंथी) जागी होते आणि मग वृषणे वाढतात. आठ तासांच्या उजेडात ठेवलेल्या बटेर नराकडून मीलनाची अपेक्षा करणे व्यर्थ असते, आणि सोळा तासांच्या उजेडात हलवल्यावरही वृषणांची पूर्ण वाढ होण्यास काही आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी निकाल मागणारे इथे हमखास फसतात.

संप्रेरक कारण आणि वर्तन परिणाम, अशी एकेरी मांडणीही टाळावी. मादी नुसती दिसली तरी बटेर नराच्या मेंदूत नॉरएपिनेफ्रिन हे संदेशवाहक रसायन वाढते, त्यामुळे जीएनआयएच हे प्रजननाला आवर घालणारे रोधक संप्रेरक वाढते आणि टेस्टोस्टेरॉन उतरते. हे संप्रेरक २००० साली याच पक्ष्यात सापडले, तोवर मेंदूकडे प्रजननाचा असा लगाम असेल याची फारशी दखलच घेतली जात नव्हती. कवड्याच्या कुळातील रिंग डव्ह मादीच्या बाबतीत तर तिचे स्वतःचे घुमणेच तिच्या अंडाशयाच्या वाढीला चालना देते. म्हणूनच नरावरचे निष्कर्ष मादीला लावू नयेत: लांब दिवसांनी तिचे अंडाशय केवळ काही अंशी वाढते, आणि पुढची वाढ जोडीदार, घरट्याची जागा आणि अन्न यांवर ठरते.

नमुना घेतानाची चूक साधी, पण महाग पडणारी असते. पक्षी पकडल्यावर सुमारे तीन मिनिटांत रक्तातील कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक चढू लागते, म्हणून पकडल्याची आणि रक्त घेतल्याची वेळ दोन्ही नोंदवाव्यात. मेंदूतील अरोमाटेजची क्रिया तर मीलनानंतर काही मिनिटांतच बदलते. त्यामुळे नमुन्याआधी नराला मादी दिसली होती का, ही नोंद नसेल तर दोन नरांच्या आकड्यांची तुलना करू नये.