घरी फ्रूट लिक्युअर करताय? साखर शेवटी घाला

लिक्युअर, म्हणजे फळांच्या चवीची गोड दारू, करायचं म्हटलं की लोकांना वाटतं भट्टीच लावायची आहे. तसलं काही नाही हो. आंबवायचं नाही आणि डिस्टिल तर अजिबात करायचं नाही, ते घरी करणं धोक्याचं आणि बऱ्याच देशांत बेकायदा पण आहे. विकत आणलेल्या दारूत फळं मुरवायची, गाळायची, गोड करायची, संपलं.

स्ट्रॉबेरीचं प्रमाण सांगते, सुरुवातीला तेच सोपं. ५०० ग्रॅम पिकलेली फळं आणि ७५० मिली साधी व्होडका, महागडी नको पण ४० टक्के अल्कोहोलवालीच घ्या, कारण स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणीच असतं आणि ते सगळं बरणीत उतरतं, हे बरेच जण विसरतात. मग शेवटी पाक पडल्यावर लिक्युअर साधारण १८ ते २० टक्क्यांवर येतं. मुळातच हलकी दारू घेतली तर ते इतकं पातळ होईल की टिकायची खात्री नाही.

फळं धुवून अगदी कोरडी करा, देठ काढा, अर्धी चिरा, डागाळलेला भाग बिनधास्त फेकून द्या. काचेची बरणी उकळत्या पाण्याने धुवून वाळवा. वरून व्होडका इतकी ओता की फळं बुडली पाहिजेत, जे फळ वर डोकं काढतं ते काळं पडतं आणि बुरशी पण तिथेच धरते, म्हणून रोज एकदा बरणी हलवायची. जागा अंधारी आणि थंड.

तीन-चार दिवसांत रंग भराभर उतरतो, आणि आठवड्याभराने बघाल तर फळं फिक्कट, जवळजवळ पांढरी पडलेली आणि व्होडका लालभडक. दिसायला विचित्र दिसतं पण हेच पाहिजे असतं. आता रोज चमचाभर चाखा, पुरेशी चव आली की गाळा, दहा-बारा दिवस खूप झाले. प्लम किंवा चेरीला मात्र दोन-तीन महिने द्यावे लागतात, आणि त्यांच्या बिया फोडू नका. लिंबू-संत्र्याची फक्त वरची रंगीत साल घ्या, खालचा पांढरा भाग राहिला की कडवट होतं आणि तो कडूपणा साखरेने जात नाही.

गाळताना आधी साधी गाळणी, मग मलमलचं फडकं, मग कॉफी फिल्टर. याला वेळ लागतो, थेंब थेंब पडतं, वैताग येतो, तरी फडकं पिळू नका. मी पहिल्यांदा पिळलं होतं, गर खाली उतरला आणि बाटली महिनाभर गढूळ ती गढूळच.

आता साखर. बरेच जण पहिल्याच दिवशी फळांवर ओततात, चालतं तसंही, पण फळ किती गोड निघेल ते तेव्हा कुठे माहीत असतं? जास्त पडली तर काढता थोडीच येते. म्हणून २०० ग्रॅम साखर २०० मिली पाण्यात फक्त विरघळेपर्यंत गरम करा, तार यायला नको, आणि पाक पूर्ण गार झाल्यावर थोडा थोडा घालत चाखत जा. कधी सगळा लागतो, कधी निम्म्यात भागतं. लिंबाच्या सालीच्या लिक्युअरमध्ये पाक पडला की ते एकदम धुरकट होऊ शकतं, घाबरू नका, दारूत विरघळलेलं सालीतलं तेल पाणी वाढल्यामुळे बाहेर पडतं, खराब झालेलं नसतं.

लगेच प्यायलात तर नुसती व्होडका नाकात जाईल. बाटलीत भरून निदान महिनाभर ठेवा, मग तिखटपणा बसतो. उघडल्यावर फ्रिजमध्येच.

उरलेली फळं आइस्क्रीमवर छान लागतात, फक्त डब्यावर ठळक लिहून ठेवा, कारण दिसायला ती साधी फळंच असतात आणि घरातलं एखादं पोर मूठभर खाऊन बसेल.