यूब्लॉक ओरिजिनच्या फिल्टर लिस्ट निवडताना या चुका टाळा

यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ब्राउझर एक्स्टेंशन बसवल्यावर नवशिके सगळ्यात आधी चुकीचंच काम करतात. डॅशबोर्ड उघडतात, 'फिल्टर लिस्ट्स' (काय अडवायचं ते सांगणाऱ्या नियमांच्या याद्या) या टॅबवर जातात आणि दिसेल त्या प्रत्येक चौकटीत टिक करतात. दोन दिवसांनी तक्रार सुरू होते: पेमेंटचं पान कोरं येतंय, व्हिडिओ अडकतोय, फॉर्मचं बटण दाबलं जात नाही. मग ब्लॉकरच खराब ठरतो आणि काढून टाकला जातो. याचं वाईट वाटतं, कारण काहीही न करता तो उत्तम चालला असता.

मुळात ज्या याद्या आधीपासून चालू असतात त्या विचारपूर्वक निवडलेल्या आहेत. जाहिरातींसाठी ईझीलिस्ट, माग काढणाऱ्या स्क्रिप्टसाठी ईझीप्रायव्हसी, पीटर लो यांची जाहिरात-सर्व्हरांची छोटी यादी, घातक पत्त्यांची एक यादी आणि यूब्लॉकच्या स्वतःच्या याद्या. या शेवटच्या गटात 'अनब्रेक' नावाची यादी आहे. बाकीच्या नियमांमुळे जी पानं मोडतात ती पुन्हा चालती करणं एवढंच तिचं काम. ती सांभाळणारे लोक या मूळ संचावर पानं तपासतात. तुम्ही बाहेरून आणलेली यादी त्यांच्यासमोर नसते, त्यामुळे तिच्यामुळे मोडलेलं पान दुरुस्त करायला कुणी बसलेलं नसतं.

जास्त याद्यांमुळे ब्राउझर मंद होतो, असं सर्रास सांगितलं जातं. यूब्लॉकच्या बाबतीत ते फारसं खरं नाही. तो हजारो नियम एकामागून एक तपासत बसत नाही. पत्त्यातल्या तुकड्यांवरून संबंधित मोजकेच नियम काढतो आणि तेवढेच पाहतो. जास्तीच्या याद्यांची किंमत मोजावी लागते ती मोडलेल्या पानांत, आणि कशामुळे मोडलं हे शोधण्यात जाणाऱ्या वेळात.

एकावर एक दोन ब्लॉकर

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नडते. यूब्लॉक आहेच, वर ॲडब्लॉक प्लस किंवा ॲडगार्डही टाकलाय, ब्राउझरचं स्वतःचं जाहिरात-रोधकही चालू आहे. एकाच्या हातून सुटलं तर दुसरा धरेल, हा हिशोब इथे लागू होत नाही.

कारण असं. पुष्कळ साइट्स ब्लॉकर आहे का हे पाहण्यासाठी एखादी स्क्रिप्ट मागवतात आणि ती चालली का ते तपासतात. यूब्लॉक अशी विनंती नुसती अडवत नाही. तिच्या जागी निरुपद्रवी बदली स्क्रिप्ट देतो, म्हणजे पानाला सगळं ठीक वाटतं. दुसरा ब्लॉकर तीच विनंती सरळ रद्द करतो. एका एक्स्टेंशनने 'रद्द' म्हटलं आणि दुसऱ्याने 'बदली दे' म्हटलं, तर ब्राउझर रद्दचंच ऐकतो. पान ओळखतं आणि तुमच्यासमोर 'ब्लॉकर बंद करा' अशी पाटी येते.

ऑक्टोबर 2023 मध्ये यूट्यूबने ॲड ब्लॉकरविरुद्धची मोहीम जगभर वाढवली तेव्हा हे ढळढळीत दिसलं. यूट्यूब आपली ओळखणारी स्क्रिप्ट सतत बदलत होतं आणि यूब्लॉकच्या याद्या सांभाळणारे स्वयंसेवक त्यामागोमाग दुरुस्त्या काढत होते. ज्यांच्याकडे मूळ संच होता आणि तो ताजा होता, त्यांचं बहुतेक वेळा निभावत होतं. ज्यांनी दुसरा ब्लॉकर ठेवला होता, बाहेरच्या याद्या घातल्या होत्या किंवा कुठून तरी उचललेले नियम 'माय फिल्टर्स' या स्वतःच्या नियमांच्या टॅबमध्ये चिकटवले होते, त्यांना पाटी पुन्हापुन्हा येत होती. मदत मागणाऱ्याला एकच ठरलेलं उत्तर मिळत होतं: बाकीचे ब्लॉकर काढा, बाहेरच्या याद्या काढा, स्वतःचे नियम बंद करा, 'पर्ज ऑल कॅशेस' (याद्यांच्या साठवलेल्या प्रती टाकणारं बटण) आणि मग 'अपडेट नाऊ' दाबा. आणि तरीही लोक त्याच चर्चेत वीस ओळींचा नवा 'रामबाण' नियमसंच टाकत होते, पुढचे तो उचलत होते, आणि यूट्यूबने स्क्रिप्ट बदलली की तोच नियमसंच त्यांना अडकवत होता. असे चिकटवलेले नियम आपोआप अद्ययावत होत नाहीत, हे घाईत कुणाच्या लक्षात येत नाही.

एकच ब्लॉकर ठेवा. ब्राउझरमध्ये अंगचाच रोधक असेल तर दोघांपैकी एक बंद करा.

डीएनएसच्या याद्या ब्राउझरमध्ये आणणं

ओआयएसडी, हॅगेझी, स्टीव्हन ब्लॅक यांच्या याद्या, म्हणजे अडवायच्या डोमेनांची नावं देणाऱ्या होस्ट्स फाइलच्या धर्तीच्या याद्या, चांगल्या आहेत. पण त्या बनल्या आहेत पाय-होलसारख्या व्यवस्थेसाठी, जी डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधण्याच्या टप्प्यावर अडवते आणि जिला फक्त डोमेनचं नाव दिसतं. तिथे अख्खं डोमेन अडवणं किंवा सोडणं, एवढे दोनच पर्याय असतात. ब्राउझरमधल्या ब्लॉकरला पूर्ण पत्ता दिसतो, विनंती कोणत्या पानावरून आली ते दिसतं, ती स्क्रिप्ट आहे की चित्र तेही दिसतं. एवढी बारीक नजर असताना त्याच्या हातात होस्ट्स फाइल देणं म्हणजे सोनाराच्या हाती घण देणं.

नुकसान नेमकं कुठे होतं ते पाहा. विमा नूतनीकरणाच्या किंवा वीजबिलाच्या ईमेलमधली लिंक अनेकदा आधी क्लिक मोजणाऱ्या एखाद्या डोमेनवर जाते आणि तिथून खऱ्या पानावर. ईझीप्रायव्हसीसारखी यादी असं डोमेन सहसा दुसऱ्याच्या पानात घुसतं तेव्हा अडवते. तुम्ही स्वतः लिंक दाबली तर जाऊ देते. होस्ट्स यादीतल्या नियमाला हा फरक कळत नाही. यूब्लॉक अशा नियमावर अख्खं पानच थांबवतो आणि इशाऱ्याचा पडदा दाखवतो. दहा वेळा तो पडदा पाहिला की माणूस न वाचता पुढे जायला शिकतो. अकराव्या वेळी खरोखर फसवी साइट आली तरी बोट तिथेच जातं. संरक्षण वाढवायला आणलेल्या यादीने असलेलं संरक्षण बोथट केलं, याचा मला मनापासून राग येतो.

अशी यादी हवीच असेल तर ती राउटरवर किंवा फोनच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये वापरा. ब्राउझरमध्ये नको.

मराठी साइट्ससाठी जी हवी ती मात्र बंद

एकीकडे तीस याद्या चालू, आणि मराठी बातम्यांच्या साइटवर तळाला चिकटलेली पट्टी तशीच. कारण इंडियनलिस्ट बंद असते. मराठीसह भारतीय भाषांमधल्या साइट्सचे नियम तिच्यात येतात. यूब्लॉक पहिल्यांदा बसतो तेव्हा ब्राउझरची भाषा पाहून प्रादेशिक यादी निवडतो. आपल्यापैकी बहुतेकांचा ब्राउझर इंग्रजीत असतो, त्यामुळे ती आपोआप लागत नाही. 'फिल्टर लिस्ट्स'मध्ये 'रीजन्स, लँग्वेजेस' गट उघडा, इंडियनलिस्टवर टिक करा, 'अप्लाय चेंजेस' दाबा. जर्मनी, कोरिया, ब्राझील यांच्या याद्यांना हात लावू नका. त्या भाषांतल्या साइट्स वाचत असाल तर गोष्ट वेगळी.

यानंतर मी फक्त कुकी-सूचनांची एक यादी घालतो, तीही पान स्क्रोल होईनासं झालं की आधी तिच्यावरच संशय घ्यायचा या बोलीवर. ईझीलिस्ट आणि ॲडगार्ड या दोघांच्याही कुकी याद्या आहेत. एक पुरते.

प्रत्येक यादीपुढे एकूण किती नियम आणि त्यातले किती वापरात, हे आकडे असतात. एकूण मोठा आणि वापरातला अगदी लहान दिसला, तर ती यादी दुसरीचीच नक्कल आहे असं समजा. ॲडगार्डची मूळ बेस यादी बाहेरून आयात केली की हेच होतं, कारण तिच्यात ईझीलिस्ट आधीच सामावलेली असते.

थोडक्यात आणखी काही

यादी आयात करण्याआधी तिचा पत्ता उघडून वरच्या ओळींतली शेवटच्या बदलाची तारीख वाचा. अँटी-ॲडब्लॉक किलर नावाची यादी कित्येक वर्षं मेलेली आहे, तरी जुन्या लेखांवरून लोक अजून घालतात.

ॲडब्लॉक प्लस वापरत असाल तर 'ॲक्सेप्टेबल ॲड्स', म्हणजे ठरावीक जाहिराती जाऊ देणं, आपोआप चालू असतं. जाहिराती दिसतात म्हणून नव्या याद्या शोधण्याआधी ते बंद करा.

'माय फिल्टर्स'मधली विश्वास लागणाऱ्या नियमांना परवानगी देणारी चौकट अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कधीही टिक करू नका.

'अपडेट नाऊ' तासातासाला दाबू नका. ईझीलिस्टच्या मजकुरात वरच 4 दिवसांची मुदत लिहिलेली असते आणि तातडीच्या दुरुस्त्या यूब्लॉक स्वतः आणतो. 2022 मध्ये एका अँड्रॉइड ब्राउझरमधल्या दोषामुळे तो प्रत्येक वेळी उघडताना ईझीलिस्ट नव्याने उतरवत होता. त्यातली बहुतेक रहदारी भारतातल्या फोनांवरून येत होती आणि फुकट सेवा देणाऱ्या ईझीलिस्टचा सर्व्हर त्या भाराखाली कोलमडायला आला होता.

क्रोमवर आता यूब्लॉक ओरिजिन चालत नाही. तिथे यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे. त्यात बाहेरच्या याद्या जोडण्याचा खटाटोप करू नका, तो त्यासाठी बनलेला नाही. याद्या एक्स्टेंशनच्या नव्या आवृत्तीबरोबर येतात. जी साइट नीट साफ होत नाही तिथे गाळणीची पातळी वाढवून 'ऑप्टिमल' किंवा 'कम्प्लीट' करा. पूर्ण ताकद हवी असेल तर फायरफॉक्स घ्या, अँड्रॉइडवरही.

पान मोडलं तर

ब्लॉकर कायमचा बंद करून मोकळं होणं हा आळस आहे. यूब्लॉकच्या आयकॉनवर टिचकी मारा, मोठं पॉवर बटण दाबून त्या साइटपुरता तो बंद करा आणि पान रीलोड करा. तरीही मोडलेलंच असेल तर दोष दुसरीकडे आहे. चाललं, तर पुन्हा चालू करा, त्याच खिडकीतून लॉगर (पानाच्या विनंत्यांची नोंद) उघडा आणि लॉगर उघडा ठेवूनच पान रीलोड करा. लाल ओळी म्हणजे अडवलेल्या विनंत्या. ओळीवर टिचकी मारली की नियम कोणत्या यादीतून आला ते तपशिलात दिसतं. ती बाहेरची यादी असेल तर काढून टाका. मूळ संचातली असेल तर आधी त्या यादीपुढचं घड्याळाचं चिन्ह दाबून तिची साठवलेली प्रत टाका, 'अपडेट नाऊ' करा आणि पुन्हा पाहा. तरीही तेच घडलं, तर आयकॉनच्या खिडकीतल्या चॅट-बबलच्या चिन्हावरून साइटची तक्रार नोंदवा. पेमेंट अडलं असेल तर तेवढ्यापुरता त्या साइटवर ब्लॉकर बंद ठेवा आणि काम झालं की तेच पॉवर बटण दाबून परत चालू करा.