छोट्या केसमधील गेमिंग संगणक: भागांची निवड आणि हवेची वाट

छोटा गेमिंग संगणक जुळवू पाहणाऱ्याला बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: आधी आवडता प्रोसेसर आणि खिशाला झेपेल तेवढे मोठे ग्राफिक्स कार्ड घ्यावे, मग त्यांना सामावणारी केस शोधावी, आणि तापमान चढलेच तर पंखे वाढवावेत. चाळीस-पन्नास लिटरच्या टॉवरमध्ये हा सल्ला खपून जातो. दहा-बारा लिटरच्या केसमध्ये मात्र वाढवायला पंख्याची जागाच शिल्लक नसते, आणि महागडा प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवत बसतो. म्हणून येथे क्रम उलटा आहे: प्रथम केस, मग उष्णतेचा हिशेब, मग कूलर, आणि त्यात जे बसेल ते प्रोसेसर व कार्ड. स्क्रू कसे आवळावेत आणि थर्मल पेस्ट किती लावावी, हे वाचकाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो.

केस निवडताना

केसच्या वर्णनात लिटरचा आकडा ठळक छापलेला असतो, परंतु त्यावरून फारसे काही ठरत नाही. ठरते ते तीन गोष्टींवर: कूलरची कमाल उंची, कार्डासाठी असलेली लांबी, रुंदी व जाडी, आणि पॉवर सप्लायचा प्रकार. कार्डाची जाडी स्लॉटमध्ये सांगण्याची पद्धत आहे. एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिलिमीटर. त्यामुळे ‘अडीच स्लॉट’ एवढ्यावर विसंबू नये, उत्पादकाने दिलेली मिलिमीटरमधील जाडीच पाहावी. रुंदीच्या आकड्यात वीजजोडणीचा प्लग धरलेला नसतो, हेही लक्षात ठेवावे. नव्या बारीक बारा अधिक चार पिनांच्या जोडणीची तार प्लगमधून निघाल्यावर साधारण ३५ मिलिमीटरपर्यंत वाकवू नये असा संकेत आहे, आणि छोट्या केसमध्ये नेमकी हीच जागा बाजूच्या पत्र्याने खाल्लेली असते. तार दाबून पत्रा बसवणाऱ्यांना माझा सल्ला एकच आहे: दुसरे कार्ड घ्यावे.

ज्या केसमध्ये कार्ड मदरबोर्डच्या पाठीला पाठ लावून बसते, तिच्यात रायझर केबल, म्हणजे कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटशी जोडणारी लवचिक केबल, लागते. केबल पीसीआय एक्सप्रेस जोडणीच्या तिसऱ्या पिढीची आणि मदरबोर्ड व कार्ड चौथ्या पिढीचे असेल, तर पडदा काळा राहणे किंवा खेळ मध्येच कोसळणे हे प्रकार होतात, आणि लोक कार्ड खराब निघाले म्हणून परत पाठवतात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांत, त्या स्लॉटची पिढी हाताने तिसरी ठरवून द्यावी. सोळा लेनच्या, म्हणजे माहिती वाहणाऱ्या सोळा वाटांच्या, कार्डाचे त्याने फारसे बिघडत नाही; आरटीएक्स ४०६० सारख्या आठ लेनच्या कार्डाला मात्र थोडा फटका बसतो, म्हणून तेथे केबल चांगलीच घ्यावी.

मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० मिलिमीटर चौरस, एकच विस्तार स्लॉट आणि बहुधा दोनच रॅमच्या खाचा. तेव्हा रॅम पहिल्याच वेळी पुरेशी घ्यावी, आणि ती कमी उंचीची घ्यावी. दिव्यांच्या उंच पट्ट्या बसक्या कूलरखाली मावत नाहीत.

उष्णतेचा हिशेब

संगणक जेवढी वीज ओढतो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. २०० वॅटचे कार्ड, ८८ वॅटवर धावणारा प्रोसेसर आणि इतर भागांचे ४०-५० वॅट मिळून सव्वातीनशेच्या वर वॅट होतात, म्हणजे पावभाजीच्या पातेल्याएवढ्या डब्यात छोटा हीटर लावून ठेवल्यासारखेच झाले. हा आकडा खरेदीपूर्वी कागदावर मांडला पाहिजे.

येथे खोक्यावरच्या टीडीपीवर, म्हणजे प्रोसेसरच्या उष्णतेसाठी छापलेल्या वॅटच्या आकड्यावर, विश्वास ठेवू नये. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले असले, तरी त्याला ८८ वॅटपर्यंत ओढण्याची मुभा असते; १२० वॅट लिहिलेल्याला १६२ वॅटपर्यंत. इंटेलच्या कोअर आय७-१३७०० वर मूळ शक्ती ६५ वॅट आणि टर्बोची, म्हणजे वाढीव वेगाची, कमाल २१९ वॅट अशी दोन टोके आहेत, आणि अनेक मदरबोर्ड ते वरचे टोक अमर्याद काळ वापरू देतात. ३७ मिलिमीटर उंचीच्या नॉक्टुआ एनएच-एल९ए सारख्या कूलरकडून दीडशे वॅटची अपेक्षा धरणे हा कूलरवर अन्याय आहे. ७० मिलिमीटरचा एनएच-एल१२एस बसत असेल, तर चित्र बरेच पालटते. म्हणूनच केसमधील कूलरच्या उंचीचा आकडा मी सर्वांत आधी पाहतो.

खेळांसाठी प्रोसेसर निवडताना वाढीव कॅशचे (प्रोसेसरमधील जलद स्मृतीचे) एएमडी प्रोसेसर, उदाहरणार्थ रायझेन ७ ७८००एक्स३डी, छोट्या केसला विशेष मानवतात, कारण खेळताना ते आपल्या मर्यादेच्या बरेच खाली राहून उत्तम फ्रेम देतात. साधा ६५ वॅटचा सहा कोअरचा प्रोसेसरही पुष्कळांना पुरेसा असतो. सर्वांत वरचे मॉडेल घेऊन नंतर त्याला दाबून ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

कार्डाच्या बाबतीत मात्र दाबून ठेवणे हाच शहाणपणा आहे. बहुतेक आधुनिक कार्डांची शक्तिमर्यादा ७५-८० टक्क्यांवर आणली, तर फ्रेम रेट थोड्याच टक्क्यांनी घटतो आणि उष्णता मात्र पाचव्या-चौथ्या हिश्श्याने कमी होते. आफ्टरबर्नरसारख्या कार्ड-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही एका सरकपट्टीची गोष्ट आहे. अंडरव्होल्ट करण्याची, म्हणजे कार्डाचे व्होल्टेज उतरवण्याची, चिकाटी असेल, तर तोटा आणखी कमी होतो. छोट्या केसमध्ये याला तडजोड म्हणू नये, जुळणीचाच तो एक भाग मानावा.

पॉवर सप्लाय एसएफएक्स या छोट्या आकाराचा घ्यावा, १२५ × १०० × ६३.५ मिलिमीटरचा. तीस मिलिमीटर अधिक लांब असलेल्या एसएफएक्स-एलमध्ये बहुधा मोठा पंखा असतो, पण तारांना वळायला जागा उरत नाही. वरच्या हिशेबाला ६०० वॅट भरपूर झाले. एक इशारा: एका कंपनीच्या मॉड्युलर, म्हणजे सुट्या काढता येणाऱ्या, तारा दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायला, प्लग बसला तरी, कधीही लावू नयेत. पॉवर सप्लायकडच्या टोकाच्या पिनांची मांडणी सारखी नसते आणि त्यात भाग जळतात.

कूलर आणि बाजूचा पत्रा यांमधील अंतर

या टप्प्याने मला पुष्कळ छळले आहे, आणि बहुतेक मार्गदर्शक तो ‘कूलर बसवावा’ एवढ्या दोन शब्दांत उरकतात. कूलर कोणता, यापेक्षा त्या कूलरला श्वास कोठून मिळतो, हा खरा प्रश्न आहे.

बसक्या कूलरचा पंखा साधारणपणे बाजूच्या जाळीदार पत्र्याकडे तोंड करून असतो आणि हवा आत, मदरबोर्डकडे ढकलतो. ती हवा पात्यांतून गरम होऊन बोर्डावर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. आता पंखा आणि पत्रा यांमध्ये पंधरा-वीस मिलिमीटरची मोकळी फट असेल, तर पंख्याला बाहेरची गार हवा जाळीतून ओढण्यापेक्षा शेजारी पसरलेली गरम हवा ओढणे सोपे जाते. तीच हवा पुन्हा पात्यांतून जाते, आणखी गरम होते, आणि पुन्हा फटीतून परत येते. या फेऱ्यामुळे उत्तम कूलरही निकामी वाटू लागतो. लोक अशा वेळी पेस्ट बदलतात, अधिक वेगाचा पंखा लावतात, क्वचित पूर्ण केस बदलतात. हवा मात्र तशीच आतल्या आत फिरत राहते.

दोष हाच आहे का, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. एखादा जड खेळ अर्धा तास चालवून प्रोसेसरचे तापमान नोंदवावे, मग बाजूचा पत्रा काढून तोच खेळ तितकाच वेळ, त्याच शक्तिमर्यादेवर चालवावा. फरक दोन-तीन अंशांचाच असेल, तर हवा पुरेशी मिळते आहे. कूलरची कुवतच तेवढी आहे, आणि उपाय शक्तिमर्यादा कमी करणे हाच आहे. फरक दहा-बारा अंशांचा निघाला, तर कूलर निर्दोष असून हवेची वाट चुकली आहे. त्यानंतर टिश्यू पेपरची बोटभर पट्टी जाळीसमोर धरून सावकाश फिरवावी. पंख्याच्या मध्यभागासमोर ती जाळीला चिकटली आणि कडेला आली की बाहेरच्या दिशेने फडफडू लागली, तर आतली गरम हवा पंख्याच्या अगदी शेजारून बाहेर पडते आहे आणि तिच्यातली काही पुन्हा आत खेचली जाते आहे, असे समजावे.

उपाय असा: पंख्याच्या चौकटीपासून पत्र्यापर्यंतची फट मऊ फोमच्या चौकोनी कड्याने चारी बाजूंनी बंद करावी, म्हणजे पंख्याला फक्त जाळीतूनच हवा घ्यावी लागेल. फोम फटीपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाड कापावा. पत्रा बसवल्यावर तो दबून नीट बसतो. पात्यांना फोम लागत नाही ना, हे पंखा हाताने फिरवून पाहावे. या क्षुल्लक वाटणाऱ्या तुकड्याने जे साधते, ते कित्येकदा महाग कूलर बदलूनही साधत नाही.

याच्या उलट चूक म्हणजे केसच्या मर्यादेला अगदी टेकेल एवढा उंच कूलर घेणे. जाळी पंख्यापासून दोन-तीन मिलिमीटरवर आली की तापमान उत्तम राहते, पण पाती जाळीजवळून फिरताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि फॅन कर्व्ह, म्हणजे तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारी रेषा, कितीही सौम्य केला तरी तो पुरता जात नाही. मर्यादेपेक्षा पाच ते दहा मिलिमीटर कमी उंचीचा कूलर आणि उरलेल्या फटीत फोम, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते.

पंखा उलटा लावून हवा जाळीतून बाहेर फेकावी, असे सुचवणारेही भेटतात. वर किंवा मागे एकही पंखा बसत नसेल, तर हा उपाय विचारात घेण्याजोगा आहे, कारण गरम हवा निदान केसबाहेर तरी जाते. परंतु मग मदरबोर्डवरील वीजनियंत्रक भाग आणि कूलरजवळची एसएसडी यांच्यावर पडणारा झोत बंद होतो, तेव्हा त्यांचीही तापमाने पाहावीत. वर एखादा पंखा बसत असेल, तर मी कूलरला हवा आतच घेऊ देतो आणि वरच्या पंख्याला ती बाहेर काढायला लावतो.

पाण्याच्या कूलरबद्दल अवाजवी कौतुक ऐकू येते. त्याचा खरा फायदा एवढाच, की उष्णता केसच्या कडेपर्यंत वाहून नेता येते. ती शेवटी हवेतच सोडावी लागते. २४० मिलिमीटरचा नेहमीचा रेडिएटर २७ मिलिमीटर जाड आणि त्यावर २५ मिलिमीटरचा पंखा, म्हणजे ५२ मिलिमीटर तेथेच गेले. तो बसत असेल तर वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकणारा असा लावावा, आणि पंप हा त्या वर्तुळातील सर्वांत उंच भाग होणार नाही हे पाहावे. अन्यथा हवेचे बुडबुडे पंपात साठून आवाज येतो आणि पंपाचे आयुष्य घटते.

कार्डाचा पंखा

कार्डाचे पंखे जाळीदार पत्र्याला जवळ असावेत. वरचाच नियम येथेही लागू होतो, फक्त फट बहुधा आपोआप लहान असते. ज्या कार्डांत हवा आरपार जाते, त्यांची पाठ पाठीला-पाठ केसमध्ये मधल्या पत्र्याकडे येते आणि गरम झोत तेथेच अडतो. अशा केसमध्ये आरपार हवेचे कार्ड घेण्याआधी मधल्या पत्र्याला भोके आहेत की नाहीत, हे पाहून घ्यावे.

जुळणी आणि तपासणी

कूलर, रॅम आणि एसएसडी मदरबोर्डवर केसबाहेरच चढवून घ्यावेत. अधिक तापणारी एसएसडी पुढच्या खाचेत, कमी तापणारी मागच्या. तारा पंख्यांच्या वाटेत येऊ देऊ नयेत.

तापमान तपासताना खोलीचे तापमानही लिहून ठेवावे, कारण खोली दहा अंशांनी तापली की आतले भागही, पंखे त्याच वेगाने फिरत असतील तर, जवळपास तेवढेच तापतात. थंडीत केलेल्या चाचणीवर भर उन्हाळ्यात भिस्त ठेवता येत नाही. केवळ प्रोसेसरला किंवा केवळ कार्डाला ताण देणाऱ्या चाचण्या येथे अपुऱ्या ठरतात. दोघेही एकाच वेळी तापतात तेव्हाच केसची परीक्षा होते, म्हणून खेळच चालवावा आणि तापमाने दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये नोंद ठेवावी. कार्डाच्या सरासरी तापमानाबरोबर हॉटस्पॉटचा, म्हणजे चिपवरील सर्वांत तापलेल्या जागेचा, आकडाही पाहावा.

फॅन कर्व्ह शेवटी ठरवावा. प्रोसेसरचे तापमान क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडी मारते, म्हणून साठ अंशांपर्यंत पंख्याचा वेग सपाट ठेवावा आणि बदलाला काही सेकंदांचा विलंब द्यावा, नाहीतर ब्राउझर उघडताच पंखा घोंघावतो. जाळीवरील धूळ महिन्या-दोन महिन्यांनी ब्रशने काढावी, आणि फोमचे कडे दबून सैल झाले असेल तर त्याच वेळी बदलावे.