रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

‘आय-नाइन प्रोसेसर आहे, ३२ जीबी रॅम आहे, तरी तबल्याच्या ट्रॅकवर चटचट का येते?’ असं विचारणारा बहुधा दिव्यांचा कीबोर्ड असलेला गेमिंग लॅपटॉप घेऊन आलेला असतो.

लॅपटॉप आवाज छोट्या तुकड्यांत हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद. तेवढ्यात आवाजाचा तुकडा पुढे सरकलाच पाहिजे. मध्येच वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरला अडवून बसला की तो तुकडा हुकतो आणि ‘चट’ ऐकू येतं. कोअर वाढवून हे सुटत नाही. विंडोजवर असा अडथळा मोजणारं लेटन्सीमॉन हे मोफत सॉफ्टवेअर दहा मिनिटं वायफाय सुरू ठेवून चालवा, मग वायफाय बंद करून. दोषी ड्रायव्हरच्या नावात एनडीआयएस असेल तर गडबड नेटवर्कची, एसीपीआय असेल तर बॅटरी-पॉवरची. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय आणि ब्लूटूथ डिसेबल करा, वीज वाचवायला यूएसबी झोपवणारं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ला ठेवा. इतकं करूनही लेटन्सीमॉनमधला विलंबाचा आकडा वारंवार १,००० मायक्रोसेकंदांच्या वर उडत असेल, तर मुदत आहे तोवर मशीन परत करा. ‘पुढच्या अपडेटमध्ये सुधारेल’ या आशेवर लग्नाचं किंवा कीर्तनाचं काम घेऊ नये.

घाईतले लोक बफर १०२४ करून मोकळे होतात. चटचट थांबते, पण आवाजाच्या जाण्यायेण्यात मिळून ४० मिलिसेकंदांहून जास्त जातात आणि गायकाला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो. १०२४ मिक्सिंगला ठेवा. गाताना इंटरफेसवरचं (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो.

दुसरी चूक चार्जरची. देवळाचा सभामंडप, हार्मोनियम आणि पखवाजावर माइक, वाजवायच्या कीबोर्डची लाइन साध्या जॅकने इंटरफेसमध्ये, आणि इंटरफेसमधून एक वायर मंडपवाल्याच्या मिक्सरला. साउंडचेक झकास होतो, कारण तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर असतो. अभंग रंगात येतो, बॅटरी १५ टक्क्यांवर येते, कोणीतरी चार्जर लावतं आणि सगळ्या स्पीकरमधून घुंऽऽ सुरू. चार्जर दोन पिनांचा असला, किंवा सॉकेटला अर्थिंगच नसलं, तर त्यातून गळणारा बारीक करंट यूएसबीच्या ग्राउंडवरून थेट ऑडिओत उतरतो. लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवला की झिणझिण्या येतात, तोच हा. अर्थिंग आहे, पण मिक्सर दुसऱ्याच सॉकेटवर असेल तर ग्राउंड लूप होतो, म्हणजे दोन अर्थिंगमधून करंट ऑडिओच्या वायरीत फिरतो.

खात्री करायला चार्जर उपटा. आवाज गेला की चोर सापडला. लॅपटॉप, इंटरफेस, मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. कीबोर्ड आणि मिक्सरच्या लाइनला ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे लाइनच्या मध्ये लावायची डबी, लावा. चार्जरची अर्थिंगची जाड पिन कापणं हा उपाय नाही, जिवाशी खेळ आहे. म्हणून लॅपटॉप निवडताना बॅटरी आधी बघा, आणि जाहिरातीतले तास निम्मे धरा: ते व्हिडिओ बघण्याचे असतात. गेमिंग मशीन इथेही हरतं. चार्जर काढला की वेग दणकन उतरतो.

महागड्या एसएसडीचा मोह कशाला? २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक ट्रॅक तासाला साधारण ५२० एमबी घेतो. सोळा ट्रॅक मिळून सेकंदाला २.३ एमबी. कुठलीही एसएसडी हे झोपेत करेल.

रॅम मात्र आधीच ठरवा. नुसत्या रेकॉर्डिंगला १६ जीबी पुरते, सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संग्रह) वापरणार असाल तर ३२. बोर्डावर सोल्डर केलेली रॅम नंतर वाढत नाही.

आर्म प्रोसेसरचा (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीचा) विंडोज लॅपटॉप घेण्याआधी तुमच्या इंटरफेसचा आर्म ड्रायव्हर निघालाय का ते पाहा. नसेल तर कंपनीचा एसिओ, म्हणजे विंडोजवर कमी विलंबाने आवाज नेणारा ड्रायव्हर, विसरा. आणि कंपनीचा एसिओ ड्रायव्हर असताना एसिओफॉरऑल हा सर्वसाधारण पर्यायी ड्रायव्हर टाकू नका. मॅकवर कोअर ऑडिओ ही स्वतःची ऑडिओ यंत्रणा असल्याने एसिओचा प्रश्नच येत नाही.

पोर्ट मोजा: चार्जिंगचा सोडून दोन हवेत. साध्या यूएसबी २ पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात. बिनपॉवरच्या हबवर हार्ड डिस्क आणि फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) दोन्ही लादले की इंटरफेस मध्येच गायब होतो. इंटरफेस थेट लॅपटॉपला, हबवर फक्त माउस.

पंखा दुकानातच तपासा. दहा मिनिटं लोड देऊन कान लावा. २०२० च्या एम-वन पासूनच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही. बाकीचे लॅपटॉप कंडेन्सर माइकपासून दोन मीटर लांब, माइकच्या पाठीमागे ठेवा.