जुन्या बीएमडब्ल्यू ई४६ चे मागचे सबफ्रेम बुश कसे बदलायचे (आणि फ्रेम खाली आलीच आहे तर काय बघायचं)

ई४६ म्हणजे १९९८ पासून आलेली थ्री सिरीज, त्यातलीच एम३ रेगेन्सबुर्गला बनायची. आज यातल्या बहुतेक गाड्या वीस वर्षांच्या वर गेल्यात आणि ज्यांचे सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन धरणारी, बॉडीला खालून बोल्टने लावलेली लोखंडी चौकट) बुश (ती चौकट आणि बॉडी यांच्यामधले रबराचे गोल तुकडे) अजून ओरिजिनल आहेत त्यांचं रबर आता संपलंय असंच समजून चाला. मी म्युनिकला राहतो, इथे तासावर लिफ्ट भाड्याने देणारी गॅरेजं असतात, हत्यारं पण मिळतात, तिथेच मी हे काम केलं. घरी घोड्यांवर (गाडी टेकवायच्या स्टँडवर) पण होतं, फक्त पाठ जास्त दुखते आणि वेळ दुप्पट लागतो.

आधी खात्री करा. गिअर टाकून क्लच सोडला की मागून ढक्क आवाज येतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला की मागचा भाग स्वतःच थोडा वळल्यासारखा वाटतो, लेन बदलताना गाडी एक क्षण उशिरा येते, टायर आतल्या बाजूने लवकर झिजतात. हे सगळं ट्रेलिंग आर्मच्या (मागच्या चाकाला बॉडीशी जोडणारा लांब दांडा) बुशमुळेसुद्धा होतं, म्हणून गाडी वर घेऊन सबफ्रेम आणि बॉडीच्या मध्ये पहार घालून हलकेच दाबून बघा. रबर धातूपासून सुटलेलं दिसलं, भेगा दिसल्या किंवा फ्रेम सहज हलली तर बुश गेलेत. एकूण चार असतात, दोन पुढे दोन मागे, आणि पुढचे मागचे वेगळे असतात, ऑर्डर करताना चारही घ्या. ट्रेलिंग आर्मचे बुश आणि डिफरन्शियलचे (इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा) बुश पण सोबतच मागवा, कारण तिथे पोचायला जी मेहनत लागते ती परत कोणी करत नाही. रोजच्या गाडीला मी रबरच सांगेन. पॉली (पॉलियुरेथेन प्लॅस्टिकचे) बुश घट्ट असतात, गाडी स्टीअरिंगला चटकन साथ देते, पण डिफरन्शियलची घरघर थेट केबिनमध्ये येते.

लिफ्टवर घेताना एक गोष्ट कृपया हलक्यात घेऊ नका. मागचा सगळा अ‍ॅक्सल उतरला की गाडीचं वजन पुढे जातं आणि दोन खांबांच्या लिफ्टवर ती नाकावर झुकू शकते, त्यामुळे पुढच्या बाजूला खालून टेकू द्या किंवा गाडी लिफ्टच्या हातांना पट्ट्यांनी बांधा. जमिनीवर करत असाल तर पुढच्या चाकांना दगड लावा, घोड्या सिलच्या जॅक पॉइंटला, आणि सबफ्रेमखाली वेगळा रुंद जॅक.

चाकं काढली, सायलेन्सरचा मागचा भाग उतरवला, हीट शील्ड काढली. हँडब्रेकच्या केबल केबिनमध्ये लिव्हरपाशी सैल करून बाहेर ओढून घ्यायच्या. एबीएसचे सेन्सर हबमधून काढायचे, ब्रेक पॅडच्या सेन्सरची वायर सोडायची, झेनॉन लाइट असतील तर लेव्हल सेन्सरपण. फ्रेम पूर्ण उतरवायची असेल तर ब्रेकची लाइन बॉडीच्या जोडापाशी उघडावी लागते, तिथे झाकण लावा नाहीतर फ्लुइड गळत राहील आणि नंतर हवा काढायलाच अर्धा दिवस जाईल. कॅलिपर कधीच नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने बांधा.

प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे येणारा फिरता दांडा) डिफरन्शियलच्या फ्लँजपासून सोडायच्या आधी दोन्हीवर पेंटची एक सरळ रेघ मारा म्हणजे परत तसाच बसेल, आणि सोडल्यावर वर बांधून ठेवा. शॉकअपचे खालचे बोल्ट काढून आर्म हळू खाली सोडला की स्प्रिंग निघते. ट्रेलिंग आर्मचे ब्रॅकेट तीन बोल्टांनी बॉडीला असतात, चाकाचा टो (चाक किती आत-बाहेर वळलेलं आहे तो कोन) तिथेच सेट होतो म्हणून त्यांच्या कडेनेही खूण करा. आता जॅक सबफ्रेमला टेकवून मोठे चार बोल्ट काढायचे, पुढच्या दोघांना आधाराच्या पट्ट्या असतील तर आधी त्या. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, इथे रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे बोल्ट अक्षरशः चिकटतात. बोल्ट अडला तर थोडा पुढे थोडा मागे फिरवत काढा. आटे बॉडीत आहेत, ते गेले तर काम भलतंच वाढतं. फ्रेम खाली सोडताना एका माणसाने फक्त वायर आणि नळ्यांवरच नजर ठेवायची.

बुश काढायच्या आधी फोटो. कोणत्या बाजूने बसलाय, किती आत आहे, रबरातल्या पोकळ जागा कुठल्या दिशेला आहेत, सगळं, आणि फ्रेमवर पेंटने खूण. मी पहिला बुश घाईत काढला, खूण केली नाही, मग दुसऱ्या बाजूचा बघून उलटा अंदाज लावत बसलो, संध्याकाळ गेली. त्या पोकळ जागांमुळे बुश एका दिशेला मऊ आणि एका दिशेला कडक असतो, तो फिरवून बसवला तर नवा असूनही गाडी विचित्र चालते. काढायला पुलर भाड्याने मिळतो, नाहीतर जाड आट्याचा रॉड, एका बाजूला मोठी वाटी, दुसऱ्या बाजूला बुशपेक्षा किंचित लहान चकती. हट्टी असेल तर रबर ड्रिलने पोखरून बाहेरची कडी हॅक्सॉने आतून कापायची, फ्रेमला कट लागू न देता. टॉर्चने जाळू नका, तो धूर छातीला वाईट.

आता या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो बरेच जण पटकन उरकतात. बोल्ट जिथे बसतात तो बॉडीचा मागचा पत्रा नीट बघा. या गाडीत तो पातळ आहे, स्पॉट वेल्डने जोडलेला, आणि प्रत्येक वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डिफरन्शियल फ्रेमला पिळायला बघतं आणि तो पीळ सरळ या चार जागांवर जातो. वर्षानुवर्षं असं होऊन पत्रा थकतो, वेल्डच्या कडेने केसाएवढी चीर पडते, आणि बुश सैल असतील तर प्रत्येक हिसका आणखी जोरात बसतो. वायर ब्रशने घाण आणि अंडरकोटिंग काढा, चांगला लाइट घ्या, बोटाने चाचपा, फुगवटा, फाटलेलं सीलर, गंजाची बारीक रेघ, काहीही असेल तर तिथेच थांबा. चीर असलेल्या पत्र्याला नवे बुश लावून काही उपयोग नाही. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवतात, वेल्ड करतात, आणि वर मजबुतीच्या प्लेटा वेल्ड करतात, या गाडीसाठी त्या तयार मिळतात. पेट्रोलची टाकी तिथेच जवळ आहे, म्हणून हे वेल्डिंग अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. चीर नसली तरी प्लेटा आत्ताच लावून घ्या असं मी मनापासून सांगेन, मी लावल्या.

नवे बुश काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, भोक एमरी पेपरने साफ करा, रबराला साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही कारण त्याने रबर फुगतं. खुणेवर खूण ठेवून सरळ ओढा, तिरका जायला लागला की लगेच मागे घेऊन परत सुरू करा.

फ्रेम वर घेऊन चारही बोल्ट आधी हाताने लावा मग ७७ न्यूटन मीटरला टॉर्क पान्याने आवळा, बोल्ट नवे असले तर उत्तम. सस्पेन्शन आर्मचे आणि ट्रेलिंग आर्म बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर असताना जेवढी बसते तेवढ्या उंचीवर आर्म जॅकने उचलून मगच आवळायचे, हवेत लोंबकळताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. ब्रेकमधली हवा काढा, हँडब्रेक सेट करा. लगेच व्हील अलाइनमेंट करून घ्या, खुणा कितीही अचूक असल्या तरी. आणि पाचेकशे किलोमीटर झाले की परत खाली जाऊन सगळ्या बोल्टांना एकदा टॉर्क पाना लावून बघा.