गाडी घरी ठेवायला लावणारं काम : टीडीएममध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी

सिअ‍ॅटलच्या परिसरात मी ज्या क्षेत्रात काम करते त्याचं पूर्ण नाव ट्रान्सपोर्टेशन डिमांड मॅनेजमेंट. बोलताना सगळे टीडीएमच म्हणतात. रस्ते रुंद करणं, पूल बांधणं हे आमच्याकडे नाही. आहेत त्याच रस्त्यांवर माणशी एक गाडी उतरू नये, लोकांनी बसनं, रेल्वेनं, सायकलनं यावं, चौघांनी मिळून एक गाडी काढावी किंवा काही दिवस घरूनच काम करावं, यासाठी कंपन्यांकडून आणि सरकारकडून सोयी, सवलती, नियम करवून घेणं हे आमचं काम. भारतातून इथे प्लॅनिंग शिकायला आलेली मुलं-मुली हल्ली या क्षेत्राबद्दल बरंच विचारतात. कॉलेजात त्यावर जेमतेम एखादं व्याख्यान होतं आणि प्रत्यक्षात नोकऱ्या तर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कायदा समजून घ्या, कारण नोकऱ्या त्यातून निर्माण होतात. सिअ‍ॅटल ज्यात येतं त्या वॉशिंग्टन राज्यानं १९९१ मध्ये कम्यूट ट्रिप रिडक्शनचा कायदा केला. गर्दीच्या भागांत एकाच ठिकाणी पूर्णवेळ शंभर किंवा त्याहून जास्त माणसं सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान कामावर येत असतील, तर त्या मालकाला लोकांचं एकट्यानं गाडीनं येणं कमी करण्याची योजना आखावी लागते, ठरावीक काळानं सर्व्हे घ्यावा लागतो आणि या कामासाठी एक माणूस नेमावा लागतो. त्याला एम्प्लॉयी ट्रान्सपोर्टेशन को-ऑर्डिनेटर म्हणतात, थोडक्यात ईटीसी. बहुतेक ठिकाणी हा ईटीसी म्हणजे एचआरमधली किंवा इमारतीची देखभाल बघणारी व्यक्ती असते आणि आपली नेहमीची कामं सांभाळून ती हे बघते. तुमची पहिली नोकरी बहुधा अशा ईटीसींना मदत करण्याचीच असेल : शहराच्या बाजूनं, काउंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या बाजूनं, नाहीतर एखाद्या भागातल्या कंपन्यांनी मिळून चालवलेल्या संस्थेत.

पुढे २०२० पासून सिअ‍ॅटल शहराचा आणखी एक नियम आला. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीनं बस-रेल्वेच्या किंवा व्हॅनपूलच्या, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या व्हॅनच्या, खर्चाची रक्कम करपूर्व पगारातून कापून घेण्याची सोय द्यायलाच हवी. अशा सवलतीला केंद्राच्या करकायद्यात मर्यादा आहे, २०२५ साली ती महिन्याला ३२५ डॉलर होती. हे आकडे दरवर्षी बदलतात. ते तोंडपाठ असलेला माणूस कंपनीच्या बैठकीत लगेच उपयोगी पडतो, हा माझा अनुभव.

आता मुद्द्याचं. नव्यानं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की हे काम जनजागृतीचं आहे. पोस्टर लावायची, प्रदूषणाचे आकडे सांगायचे, 'बस डे' साजरा करायचा, की लोक बदलतील. लोकांना प्रदूषणाचं कळत नाही असं मुळीच नाही. पण सकाळी पावणेआठला दारात गाडी उभी असते, ऑफिसात पार्किंग फुकट असतं आणि मुलांना शाळेत सोडायचं असतं, तेव्हा पोस्टर कुणाला आठवणार? एरिएला क्रिस्टल आणि अ‍ॅशली विलन्स या दोघींनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर काम करणाऱ्यांवर त्यांनी पाच प्रयोग केले होते : पत्रं पाठवली, प्रत्येकाला त्याच्या मार्गाचा आराखडा करून दिला, कारपूलची माहिती पोचवली. एकट्यानं गाडीनं येणं त्यातून जवळपास हललंच नाही. या क्षेत्रात येणाऱ्यानं तो निबंध पहिल्या महिन्यात वाचावा असं मी आग्रहानं सांगते. फसलेले प्रयोग इतक्या प्रामाणिकपणे मांडलेले क्वचित वाचायला मिळतात.

मग हलतं कशानं? पार्किंगनं. तुमच्या वाट्याला आलेल्या कंपनीत सर्वांत आधी एकच गोष्ट शोधा : पार्किंगचे पैसे कोण भरतं आणि ते कसे भरले जातात. कंपनी भरत असेल तर ती प्रत्येक गाडीवाल्याला दरमहा एक बक्षीसच देत असते आणि बसनं येणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. कॅलिफोर्नियानं १९९२ मध्ये यावर कायदा केला : भाड्यानं घेतलेली पार्किंगची जागा कर्मचाऱ्याला फुकट देणाऱ्या ठरावीक कंपन्यांनी, ती नको असेल त्याला तेवढी रक्कम रोख द्यावी. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी अशा आठ कंपन्या तपासल्या. एकट्यानं गाडीनं येणाऱ्यांचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ वर आलं होतं. कुणाची गाडी काढून घेतली नव्हती, कुणाला उपदेशही केला नव्हता.

'कोण भरतं' इतकंच 'कसे भरतात' हेही महत्त्वाचं, आणि हे सहज नजरेतून सुटतं. महिन्याचा पार्किंग पास काढलेला माणूस रोज सकाळी मनाशी म्हणतो, पैसे भरलेच आहेत तर वसूल करू. बाहेर ऊन असो, बस रिकामी असो, तो गाडीच काढतो. तोच दर दिवसागणिक लावला की रोज निर्णय घ्यावा लागतो आणि आठवड्यातले एक-दोन दिवस आपोआप सुटतात. सिअ‍ॅटल चिल्ड्रन्स हे इथलं मोठं रुग्णालय. निवासी वस्तीच्या मधोमध आहे. विस्तार करायचा तर शेजारच्या गल्ल्यांत गाड्यांची गर्दी वाढू द्यायची नाही, ही अट होती. त्यांनी कर्मचाऱ्यांकडून पार्किंगचे पैसे रोजच्या रोज घेतले, गाडी न आणणाऱ्याला त्या दिवसाचे वर थोडे पैसे दिले, सायकलनं नियमित यायचं कबूल करणाऱ्याला सायकल दिली. १९९५ मध्ये तिथे एकट्यानं गाडीनं येणारे ७३ टक्के होते, नंतर ते प्रमाण ४० च्या खाली उतरलं. रुग्णालयात परिचारिका असतात, पाळ्या असतात, रात्री-अपरात्री सुटणारी माणसं असतात. तिथे हे होऊ शकतं, तर नऊ ते पाचच्या ऑफिसात होणार नाही असं कुणी म्हटलं की मी हेच उदाहरण पुढे ठेवते.

कंपनीच्या वरिष्ठांशी बोलताना पर्यावरणापासून सुरुवात करू नका. बहुमजली पार्किंगमधली एकेक जागा बांधायला हजारो डॉलर लागतात. पन्नास माणसांनी गाडी आणली नाही तर पन्नास जागा बांधाव्या लागत नाहीत. वित्त विभागाच्या माणसाला हे एका वाक्यात पटतं.

सर्व्हेकडे मात्र कंटाळवाणा कागद म्हणून बघू नका. आमचा मुख्य प्रश्न साधा असतो : मागच्या आठवड्यात सोमवारी कसे आलात, मंगळवारी कसे आलात, असा वारानुसार. 'तुम्ही सहसा कसे येता?' असं विचारलं की लोक स्वतःबद्दलचं चांगलं मत सांगतात, वार विचारला की घडलेलं सांगतात. आलेल्या उत्तरांना घराच्या पिनकोडची जोड दिली की नकाशा बोलायला लागतो. एकाच उपनगरातून एकाच वेळी निघणारी माणसं दिसली की तिथे व्हॅनपूल उभा राहू शकतो. ही व्यवस्था मला मनापासून आवडते. किंग काउंटी मेट्रो ही इथली सरकारी बससंस्था १९७९ पासून ती चालवते. व्हॅन, विमा, इंधन, देखभाल सगळं संस्थेचं. चालवणारा मात्र प्रवाशांपैकीच एक, आणि बाकीचे दरमहा भाडं भरतात. बस जिथे पोचत नाही अशा कारखान्यांच्या पाळ्यांना हा मोठा आधार आहे.

हे वाचताना पिंपरी-चिंचवडच्या वाचकांना कंपनीची बस आठवली असेल. चौकातला ठरलेला थांबा, पहिल्या पाळीची वेळ, डबा घेऊन उभी असलेली ओळखीची माणसं. त्या बसमुळे किती घरांत दुसरी गाडी घ्यायची वेळ आली नाही, हे कुणी मोजायला हवं होतं. रेडमंडच्या मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये आपल्या लोकांसाठी कनेक्टर बस सुरू केली. इथे स्थायिक झालेल्या कित्येक मराठी घरांना ती चांगली परिचयाची आहे. मुलाखतीत तुमच्या गावातला असा अनुभव जरूर सांगा. ते गावाकडच्या आठवणी सांगणं नव्हे, कामाचा अनुभव आहे.

आता माणसांशी बोलण्याबद्दल. 'मला बस जमत नाही' असं कुणी म्हणालं की वाद घालू नका, त्याचा दिवस विचारा. पहाटे पाचच्या पाळीला पहिली बस पोचत नसेल तर ती व्यक्ती बरोबर आहे, तिला सोडून द्या. पण बरेचदा खरी अडचण एकच निघते : मध्येच शाळेतून फोन आला तर मी घरी कशी पोचू? विशेषतः लहान मुलांच्या आया हे बोलून दाखवतात, वडील मनात ठेवतात. यासाठी घरी जाण्याची हमी देणारी योजना असते. त्या दिवशी गाडी न आणलेल्या माणसाला अडीअडचणीला टॅक्सीचे पैसे मिळतात. तिचा वापर फार थोडे जण करतात, त्यामुळे खर्चही थोडा. पण ती आहे एवढ्या खात्रीवर लोक गाडी घरी ठेवतात. खर्चाच्या मानानं इतकी गुणकारी दुसरी योजना मी पाहिलेली नाही, आणि कंपन्या कात्री लावतात तेव्हा 'कुणी वापरतच नाही' म्हणून हीच आधी जाते. ती वाचवायला भांडा.

वेळ साधणं हेही एक कौशल्य आहे. मुरलेली सवय मोडणं अवघड, पण घर बदललं, नोकरी बदलली की काही आठवडे सगळंच नव्यानं ठरत असतं. बास व्हेरप्लांकेन आणि डेबोरा रॉय यांनी इंग्लंडमध्ये ८०० जणांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की सवयी बदलण्यासाठी दिलेल्या मदतीचा घर बदललेल्यांवर जास्त परिणाम झाला आणि ही संधी साधारण तीन महिने टिकली. म्हणून नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी, ओळखपत्राबरोबर, बस-रेल्वेचं ओर्का कार्ड हातात पडलं पाहिजे. दुसऱ्या महिन्यात ईमेल करून पाठवलेली माहिती वाया जाते.

रस्ताच बंद झाला तर अख्ख्या शहराची सवय एकदम मोडते. जानेवारी २०१९ मध्ये सिअ‍ॅटलच्या किनाऱ्यालगतचा उन्नत महामार्ग कायमचा बंद झाला आणि नवा बोगदा उघडायला सुमारे तीन आठवडे होते. शहर ठप्प होणार असं सगळे म्हणत होते. तसं झालं नाही. कुणी लवकर निघालं, कुणी घरून काम केलं, कुणी सायकल काढली, कुणी वॉटर टॅक्सी धरली. फेब्रुवारीत बोगदा उघडला आणि पुष्कळ जण पुन्हा गाडीकडे वळले. मला यातून जे दिसलं ते असं : लोक बदलू शकतात, आपल्याला वाटतं त्याहून चटकन बदलू शकतात. पण नवी सवय धरून ठेवणारं काही, म्हणजे पास, रोजचा पार्किंग दर, वेळेवर येणारी बस, मागे उरलं नाही तर ती टिकत नाही.

बस हा शब्द इथे मुद्दाम आला. आमच्या सगळ्या योजनांच्या तळाशी बस धावत असावी लागते. सिअ‍ॅटलच्या मध्यवर्ती भागात २०१० मध्ये गर्दीच्या वेळी एकट्यानं गाडीनं येणारे ३५ टक्के होते, २०१७ मध्ये ते २५ वर आले, आणि याच काळात तिथल्या नोकऱ्या भरपूर वाढल्या होत्या. त्यामागे मालकांनी दिलेले पास होते, महाग पार्किंग होतं, तशाच वाढवलेल्या बसफेऱ्या आणि २००९ पासून धावणारी लिंक रेल्वेही होती. जिथे तासाला एक बस आहे तिथे लोकांना गाडी सोडायला सांगणं मला योग्य वाटत नाही. तिथे आधी बस वाढवण्यासाठी आवाज उठवायचा.

२०२० नंतर चित्र पालटलं आहे. लोक आठवड्यातून दोन-तीन दिवस येतात, तेही मंगळवार ते गुरुवार. महिन्याचा पास त्यांना परवडत नाही, आणि मालकालाही रोजची गर्दी गृहीत धरता येत नाही. जितके दिवस वापर तितकेच पैसे, अशा रचना शिकून घ्या. येत्या काळात मागणी त्यांना आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर प्लॅनिंगची पदवी उपयोगी आहे, पण सक्तीची नाही. माझ्या आसपास मानसशास्त्र, मार्केटिंग, सार्वजनिक आरोग्य शिकलेली माणसं हे काम उत्तम करतात. एक्सेल पक्कं हवं, नकाशाचं सॉफ्टवेअर थोडं यावं आणि अनोळखी माणसासमोर न बिचकता बोलता यावं. वाचायला टॉड लिटमन यांच्या व्हिक्टोरिया ट्रान्सपोर्ट पॉलिसी इन्स्टिट्यूटचं साहित्य घ्या, ते इंटरनेटवर मोफत आहे. असोसिएशन फॉर कम्यूटर ट्रान्सपोर्टेशन ही या व्यवसायाची संघटना. तिचं प्रमाणपत्र अनुभवानंतर घेण्याजोगं आहे, आल्या आल्या त्यामागे लागू नका. विद्यार्थी असाल तर विद्यापीठाच्या वाहतूक कार्यालयात अर्धवेळ काम मागा. वॉशिंग्टन विद्यापीठाचा यू-पास १९९१ पासून चालू आहे, आणि बहुतेक मोठ्या विद्यापीठांत असं एखादं कार्यालय असतंच. व्हिसाचा प्रश्न असणाऱ्यांनी मुलाखतीच्या पहिल्या फेरीतच स्पष्ट विचारून घ्यावं. कंपन्यांनी मिळून चालवलेल्या संस्था लहान असतात आणि सगळ्यांना प्रायोजकत्व जमत नाही. मोठ्या सल्लागार कंपन्या आणि विद्यापीठं इथे विचारून पाहणं जास्त फलदायी ठरतं.