पणजोबांचं पेटंट खरंच होतं का? इंग्रजांच्या काळातलं पेटंट असं शोधा

बऱ्याच घरांत ही गोष्ट असते, की आमच्या पणजोबांनी नवीन नांगर काढला होता नाहीतर उसाचा चरक, त्याचं पेटंटपण होतं, मग कोणीतरी ढापलं वगैरे वगैरे. कधी ती पूर्ण खरी असते, कधी अर्धी. कागद बघितल्याशिवाय कळत नाही, आणि कागद शोधायचा तर तेव्हा पेटंट मिळायचं कसं हे थोडं माहीत पाहिजे, नाहीतर नुसतं गुगलवर आडनाव टाकत बसाल आणि हाती काही लागणार नाही.

आधी साल पकडा. नक्की नको, दशक चालेल. आत्याला विचारा की ते मुंबईला कधी होते, कारखाना लग्नाआधी काढला की नंतर, असं करत करत पोचता येतं. साल यासाठी, की कायदा बदलत गेला. पहिला आला १८५६ ला, त्यात या हक्काला 'एक्सक्लुझिव्ह प्रिव्हिलेज' म्हणायचे, आणि पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या सिव्हिल इंजिनिअरचा, कशाचा तर पंखा ओढायच्या मशीनचा! (साहेबाला उकाडा किती छळत होता बघा.) तो कायदा राणीची मंजुरी न घेता केला म्हणून रद्द झाला आणि १८५९ ला परत आला. पुढे १८८८ चा. पण तुमचे पणजोबा बहुतेक १९११ च्या इंडियन पेटंट्स अँड डिझाइन्स ॲक्टमध्ये सापडतील, पेटंटपुरता तो पार १९७२ पर्यंत चालला. मुदत आधी १४ वर्षं होती, १९३० च्या दुरुस्तीने १६ झाली.

मग गाव बघा. हे लोक हमखास विसरतात. पेटंट ऑफिस कलकत्त्याला होतं, तिथलं पेटंट फक्त ब्रिटिश हिंदुस्थानात चालायचं, संस्थानात नाही. आपल्याकडे तर एक तालुका इंग्रजांचा आणि शेजारचा संस्थानाचा, असा सगळा चिवडा. किर्लोस्करवाडीचंच घ्या, १९१० ला लक्ष्मणरावांनी कारखाना काढला तो औंध संस्थानात, म्हणजे कलकत्त्याचा कायदा तिथे लागूच नाही. औंधातला माणूस कलकत्त्याला अर्ज करू शकायचा, पण मिळालेला हक्क त्याच्या स्वतःच्या गावात चालणार नाही, असला प्रकार. म्हैसूर, हैदराबादसारख्या मोठ्या संस्थानांचे आपापले कायदे होते. तेव्हा घरात कोणी 'महाराजांनी पेटंट दिलं' म्हणत असेल तर तो दरबारचा हुकूम किंवा सनद असू शकते, आणि ती पेटंट ऑफिसात नाही, संस्थानच्या दफ्तरात शोधायची. कोल्हापूरकरांनी आधी कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात जावं.

आता घरात काय आहे ते काढा. जुनी पावती, कॅटलॉग, यंत्रावरची ओतीव पाटी, वर्तमानपत्रातली जाहिरात, काहीही. पाटीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' असेल तर फक्त अर्ज केला होता, मिळालं की नाही ते वेगळं. नुसतं 'रजिस्टर्ड' असेल तर ते बहुतेक डिझाइन किंवा मार्क असणार. ट्रेडमार्कचा स्वतंत्र कायदा १९४० चा, त्याआधी लोक मालकीचं डिक्लरेशन सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून ठेवायचे आणि मग बिनधास्त 'रजिस्टर्ड' छापायचे. नंबर असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त त्याच्यासोबत वर्ष आहे का तेही लिहून घ्या.

अर्जाची पद्धत अशी होती: फॉर्म, सोबत स्पेसिफिकेशन म्हणजे यंत्राचं सविस्तर वर्णन, आणि ड्रॉइंग. सगळं कलकत्त्याला कंट्रोलरकडे, म्हणजे पेटंट ऑफिसच्या प्रमुखाकडे. मुंबई-पुण्याचा माणूस स्वतः जाणार कुठे, म्हणून एजंट धरायचा, त्यामुळे कागदावर पत्ता एजंटचा दिसला तर गोंधळू नका. आधी कच्चं वर्णन देऊन तारीख पकडायची सोय १९४५ च्या दुरुस्तीने आली, त्याआधी पहिल्याच फटक्यात पूर्ण वर्णन द्यावं लागायचं. गावातल्या लोहाराला हे किती जड गेलं असेल विचार करा, हातात कला आहे, पण इंग्रजीत कायद्याच्या भाषेत लिहिणार कोण? तपासणी होऊन अर्ज स्वीकारला की जाहीर व्हायचा, कोणाला हरकत असेल तर ठराविक मुदतीत घ्यायची, नाहीतर पेटंटवर शिक्का. पुढे चौथं वर्ष संपायच्या आत रिन्यूअल फी सुरू, ती चुकली की पेटंट बाद. माझ्या मते 'ढापलं' वाल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथे असावं, फी भरली गेली नसेल आणि मग कोणीही बनवायला मोकळा.

आता प्रत्यक्ष शोध. पहिला रस्ता गॅझेट ऑफ इंडिया, त्यात पेटंट ऑफिसच्या नोटिसा यायच्या, अर्जदाराचं नाव, विषय, नंबर. स्कॅन केलेले बरेच अंक इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, आणि नॅशनल आर्काइव्ह्जच्या 'अभिलेख पटल' या वेबसाइटवरही शोधून बघा. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं कॉम्प्युटरने वाचून काढलेला मजकूर, अगदी रद्दी असतो, म्हणून सर्चवर विसंबू नका, सालाचा अंक उघडून पानं चाळा. कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

दुसरा रस्ता इंग्लंड-अमेरिकेचा. थोडा पैसा असलेले लोक तिथेही पेटंट घ्यायचे आणि ती एस्पेसनेट आणि गुगल पेटंट्स या पेटंट शोधायच्या वेबसाइटांवर फुकट दिसतात. ब्रिटिश नंबरची मेख अशी की १९१५ पर्यंत दर जानेवारीला नंबर परत एकपासून, म्हणून वर्ष नसेल तर तो नंबर बिनकामाचा, आणि १९१६ पासून १००००१ ने सुरू होऊन सलग. नावाचं स्पेलिंग दहा प्रकारे टाका. छपाईचे टाइप पाडायचं मशीन काढणारे मुंबईचे शंकर आबाजी भिसे तिकडच्या कागदांत शेवटी वाय लावून सापडतात. नांगराचं स्पेलिंग पण दोन्ही टाका, ब्रिटिश ओयूजीएच वालं आणि अमेरिकन ओडब्ल्यू वालं. मोटेसाठी 'वॉटर लिफ्ट', चरकासाठी 'शुगरकेन मिल'. आणि टायटल बहुतेक सगळ्यांचं 'इम्प्रूव्हमेंट्स इन ऑर रिलेटिंग टू' असंच सुरू होतं, तेव्हा त्याच्या पुढचा शब्द बघायचा.

स्पेसिफिकेशन मिळालं की पहिल्या पानापासून वाचू नका. शेवटाकडे जा, तिथे 'हॅविंग नाऊ पर्टिक्युलरली डिस्क्राइब्ड अँड असर्टेन्ड' असलं एक लांबलचक वाक्य असतं, त्याच्या खाली १, २, ३ करून जे येतं ते क्लेम. खरा हक्क तेवढ्याचाच. वर दोन पानं नांगराचं वर्णन असेल, रुमणं, इसाड, फाळ सगळं, पण क्लेममध्ये फक्त फाळ बसवायचा बोल्ट आणि खाच असेल तर पणजोबांचं पेटंट त्या खाचेचं, अख्ख्या नांगराचं नाही. यात कमीपणा काही नाही हां, शेतावर झिजलेला फाळ पाच मिनिटात बदलता येणं ही शेतकऱ्याला मोठीच गोष्ट. विश्वेश्वरय्यांचंच बघा, मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत असताना खडकवासल्याला बसवले त्या आपोआप उघडणाऱ्या दारांचं पेटंट त्यांनी घेतलं, धरण आधीपासून होतंच, कमाल दारांची, धरणाची उंची न वाढवता पाणी जास्त साठलं.

काहीच सापडलं नाही तर मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे इलाख्याच्या शेती आणि पीडब्ल्यूडी खात्याच्या फायली मागा. सरकारी प्रदर्शनात किंवा शेतावर यंत्राची चाचणी झाली असेल तर पेटंट नसतानाही नाव तिथे असू शकतं. अर्जात 'माझ्या पणजोबांचं पेटंट' असं मोघम लिहू नका, साल कुठपासून कुठपर्यंत, जिल्हा, यंत्राचं इंग्रजी नाव आणि खातं एवढं लिहा, आणि ओळखपत्राची झेरॉक्स सोबत न्या.